धर्मावरून कुणी बोललं तेव्हा तुम्ही काय केलंत? अनुभव लिहा

नौपाड्याची
रविवारी चर्चमध्ये पाळकांनी बायबलमधलं मत्तय १०:१६ घेतलं: सापासारखे चतुर आणि कबुतरासारखे निरुपद्रवी व्हा. कबुतरासारखं निरुपद्रवी राहायला आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. सापासारखं चतुर व्हायचं म्हणजे काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. उपदेश नको, घडलेलं लिहा. फजिती असली तरी चालेल.

सुरुवात मीच करते. शेजारच्या काकूंनी हळदीकुंकवाला बोलावलं आणि करंडा पुढे केला. लग्न होऊन दोनच महिने झाले होते, पोटात गोळा आला. म्हटलं, "काकू, कुंकू नको, पण वाण सोडणार नाही हं." सगळ्या हसल्या. एकीने माझ्या काळ्या मण्यांतला क्रूस हातात घेऊन पाहिला, "तुमच्यातही मंगळसूत्र असतं?" वाणाचा तो डबा अजून फ्रीजमध्ये आहे.

ऐरोलीकर
कँटीनमध्ये एक जण नेहमी विचारायचा, "आजोबांना किती मिळाले रे बाटायचे?" दोन वर्षं हसण्यावारी नेलं. एकदा चारचौघांत उलट बोललो, तर तो आणखी चेकाळला. मग एके दिवशी खाली टपरीवर तो एकटा सापडला. त्याला म्हटलं, मिळालं काहीच नाही, होतं ते गेलं. अनुसूचित जातींच्या सवलती कुणाला, ते ठरवणारा १९५०चा सरकारी आदेश हिंदूंपुरताच होता. १९५६ला शीख आले, १९९०ला बौद्ध, ख्रिस्ती अजून बाहेरच. तो म्हणाला, "हे माहीत नव्हतं." मैत्री वगैरे झाली नाही. प्रश्न बंद झाला.

कळव्याची ताई
आमच्याकडे गुरुवारी प्रार्थना असते. वन-बीएचकेत पंधरा माणसं, ढोलकी, खंजिरी आणि एक छोटा स्पीकर. एका गुरुवारी चेअरमन चार पोरांना घेऊन दारात आले. "इथे धर्मांतर चालतं म्हणे." एक जण मोबाईलवर शूटिंग करत होता. आमचे दीर तिथेच प्रवचन सुरू करणार होते. मी त्यांना स्वयंपाकघरात पाठवलं, पाणी आणा म्हणून! पोरांना म्हटलं, "आत या, बसा. शूटिंग करा, पण मुलांचे चेहरे नको." बसलं कुणीच नाही, पण मोबाईल खिशात गेला.

दुसऱ्या दिवशी सोसायटीला अर्ज दिला. वार, वेळ, कोण कोण येतं, सगळं लिहिलं आणि पोच घेतली. यांना ते भित्रेपणाचं वाटलं. मी म्हटलं, बायबलमधल्या प्रेषित पौलाने तरी काय केलं? फटके मारायला बांधलं तेव्हा, मी रोमी नागरिक आहे, मला चौकशीशिवाय फटके मारणं कायद्यात बसतं का, असं त्याने सरळ विचारलं (प्रेषितांची कृत्ये २२). कायदा विचारणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे.

पोच देताना चेअरमननी खरं काय ते सांगितलं. तक्रार तिसऱ्या मजल्यावरून होती, तिथली मुलगी दहावीला. धर्माचा विषय नंतर कुणीतरी जोडला. रात्री दहाची मर्यादा आम्ही पाळत होतो, पण अभ्यासाला बसलेल्या पोरीला साडेसातलाही ढोलकी नकोच असणार. चूक आमची होती. स्पीकर माळ्यावर टाकला, ढोलकी मार्चपर्यंत बंद. त्या पोरांपैकी एक अजून जिन्यात भेटला की तोंड फिरवतो. फिरवू दे.

चरईतले आजोबा
याच ठाण्यात १३२१ साली चार फ्रान्सिस्कन ख्रिस्ती धर्मबंधू विश्वासापायी जिवानिशी गेले. आपल्याला टोमणे बसतात. जरा प्रमाण ठेवा लेकरांनो.

नेरूळ, सध्या घर शोधतोय
आजोबा, टोमण्यांचं ठीक, पण घराचं काय? फोनवर भाडं ठरलं होतं. भेटीत नाव सांगितलं आणि मालकांना अचानक पुतण्या आठवला, त्याला द्यायचंय म्हणे. एजंट खाली येऊन हळूच म्हणाला, "साहेब, पुढच्या वेळी सॅम्युएल गाळा, नुसतं गायकवाड सांगा." पुढच्या घरी पूर्ण नाव सांगितलं. तेही गेलं. हे शहाणपण की हट्ट, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. दुसरं मत सध्या माहेरी आहे, सामानासकट.