'महिन्याचा बेस्ट कामगार' चालू केला आणि शॉपमध्ये तोंडं वाकडी झाली, काय करू?

उद्यमबागवाला:
नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप हाय, २२ जण, दोन व्हीएमसी, चार सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं) आणि मागं फेटलिंग, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायचं काम. गेल्या दिवाळीनंतर बोर्डावर फोटो लावून 'महिन्याचा बेस्ट कामगार' चालू केला, हजार रुपये आणि कुंद्याचा बॉक्स. पहिले दोन महिने जोरात, टाळ्या बिळ्या. पण नंबर पीस मोजूनच काढालो होतो, त्यामुळं दर खेपेला सीएनसीवरचीच दोन पोरं. फेटलिंगचे एक मामा हसत म्हणाले, "साहेब, आमचं तोंड धुऊन होईपर्यंत महिना संपतोय, फोटो कधी काढणार?" सगळे हसले, मी पण हसलो, पण लागलं. वर त्यातल्याच एका पोरानं नंबरासाठी गेज लावून माप न तपासता माल सोडला आणि ६० नग पार्टीकडनं परत आले. आता बंद करावं तर ती दोघं नाराज, चालू ठेवावं तर बाकीचे वीस. खंडेनवमी तोंडावर आलीय. तुमच्यात कसं करतात?

मच्छेचा टर्नर:
१४ वर्षं लेथवर काढलीत, आमच्या बाजूनं सांगतो, राग मानू नका. बक्षिसाचे पैसे मला पण मिळालेत, कुठं गेले आठवत नाही. पण आधीच्या शॉपात खंडेनवमीला नवीन मशीन आलेलं, झेंडूच्या माळा घालून सगळे उभे, आणि मालकांनी नारळ माझ्या हातात दिला, म्हणाले चालवणार तू, फोड तूच. घरी जाऊन बायकोला दोनदा सांगितलं. आणि अजून एक, पगार वेळेवर आणि ओव्हरटाइम डबल रेटनं, हे नसलं तर फोटो लावूच नका, पोरं फोटोकडं बघून शिव्या घालतात.

वडगावची एचआर:
साहेब, दिवाळीचा बोनस "चांगलं काम केलंसा म्हणून" असं सांगून देता काय? बरेच मालक देतात. ठरावीक मर्यादेपर्यंत पगार असलेल्यांना (२०१५ च्या दुरुस्तीत ती महिन्याला २१ हजार होती) तो हक्काचा आहे, कमीत कमी ८.३३ टक्के, जास्तीत जास्त २०, बोनसचा हक्क १९६५ च्या कायद्यापासून चालत आलाय, तोटा झाला तरी द्यायचा (नवीन कारखान्याला सुरुवातीची पाच वर्षं नफा झाला त्याच वर्षी द्यावा लागतो, सूट तेवढीच). हक्काचं ते बक्षीस म्हणून दिलं की खऱ्या बक्षिसाची पण किंमत जाते.
आणि पीस मोजलात तर पीसच मिळणार की हो. आम्ही हजेरीला बक्षीस ठेवलं होतं, तर एकजण ताप अंगावर काढून ग्राइंडरवर उभा! त्या दिवशी बंद केलं. महिन्याला एकच नंबर काढायची सक्ती कुणी केलीय? काम घडलं की त्याच दिवशी, चार लोकांसमोर, नेमकं काय केलं ते सांगा. नुसतं "छान काम" नको. "काल सेकंड शिफ्टला इन्सर्टचा (कापणाऱ्या टोकाचा) आवाज बदललेला ऐकून यानं मशीन थांबवलं, सगळी कास्टिंगं वाचली" असं. हे फेटलिंगलाही जमतं, पॅकिंगलाही जमतं, आणि पैसा लागत नाही.

खानापूरकर:
सर्टिफिकेट छापणार असाल तर भाषा बघा. आमच्याकडं बैलहोंगलकडचा एक पोरगा, त्याला इंग्रजीत छापून दिलं, त्यात नाव पण चुकलेलं, घरात कुणाला वाचता येईना. पुढच्या खेपेला ज्याला जी वाचता येते त्या भाषेत दिलं, मराठी नायतर कन्नड. यावरून इथं भाषेचा वाद काढू नका म्हणजे झालं :)

उद्यमबागवाला:
सगळ्यांना थँक्स. बोनसचं वाचून गप्प बसलो, मी पण तसंच बोलत होतो. फोटोचा बोर्ड उतरवला, त्या दोघांना आधी बाजूला घेऊन सांगितलं. नारळाचं मामांना विचारलं तर म्हणाले, "नारळ राहू दे साहेब, डस्ट कलेक्टरचा ब्लोअर तेवढा बघा, दोन महिने धूळ नाकात जायलीय." माहीत होतं, पुढं ढकलालो होतो. उद्या वायरमन यायलाय.