मदत हवी आहे: रोमन नाण्याचं साल कसं ओळखायचं? (तातडीचं)

मेथीची_जुडी:
मंडळी, घाईत आहे. एक रोमन नाणं आहे. एका बाजूला पानांची माळ घातलेलं डोकं, दुसऱ्या बाजूला दोन सैनिक आणि मध्ये काठ्या. साल कुठेच लिहिलेलं नाही! लेकाला सोमवारी शाळेत न्यायचंय. गूगल करून झालंय, लिंका नकोत. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

नाणेवेडा:
फोटो? वजन? व्यास? अक्षरं? नुसतं 'रोमन नाणं' म्हणजे डॉक्टरला 'दुखतंय' एवढंच सांगण्यासारखं झालं.

मेथीची_जुडी:
फोटो चढत नाहीये, साइज मोठी आहे म्हणतंय. पाच पेन्सच्या नाण्याहून जरासं लहान. किचनमधला काटा कधी २ ग्रॅम दाखवतो, कधी ३. चेहऱ्याभोवती 'कॉन्स्टॅन्टिनस', पुढे आय-व्ही-एन, मग एन-ओ-बी-सी. सैनिकांच्या पायाखाली पी-एल आणि एक पुसट अक्षर.

लंडनचा_जावई:
सोप्पंय. पी-एल म्हणजे लंडनची टाकसाळ. इथेच पाडलेलं नाणं, जपून ठेवा.

इतिहासप्रेमी_७१:
एन-ओ-बी-सी मधला सी म्हणजे सीझर. जुलियस सीझर इ.स.पू. ४४ मध्ये मारला गेला, म्हणजे नाणं त्याआधीचं. दोन हजार वर्षं जुनं! अभिनंदन.

नाणेवेडा:
थांबा दोघेही. सीझर हे त्या काळात धाकट्या राज्यकर्त्याचं पद होतं, आपल्याकडे युवराज म्हणतात तसं. आय-व्ही-एन म्हणजे ज्युनियर. हा कॉन्स्टॅन्टाइन दुसरा, थोरल्या कॉन्स्टॅन्टाइनचा मुलगा. ३१७ मध्ये अंगावर दुपटं असतानाच सीझर झाला आणि बाप ३३७ मध्ये वारेपर्यंत सीझरच राहिला. झालं, वीस वर्षांत आलो.
आता लंडन. ती टाकसाळ ३२५ मध्ये बंद पडली. दोन सैनिकांचा छाप ('ग्लोरिया एक्झर्सिटस', सैन्याचा गौरव) सुरू झाला ३३० मध्ये. शिवाय लंडनच्या नाण्यांवर पी-एल-ओ-एन असे. ताई, तिसरं अक्षर जी आहे का? असेल तर लुग्डुनम, म्हणजे फ्रान्समधलं आजचं ल्यों.

लंडनचा_जावई:
मी संग्रहालयात लंडनचंच बघितलंय.

नाणेवेडा:
बघितलं असेल हो. ते ३२५ च्या आधीचं.

सदाशिव_पेठी_काकू:
अगं, आधी स्वच्छ कर. चिंचेच्या कोळात रात्रभर ठेव, सकाळी मीठ लावून चोळ. माझी देवाची तांब्याची भांडी लख्ख निघतात.

नाणेवेडा:
काकू, नको!!! चिंचेतलं आम्ल वरचा जुना थर खाऊन टाकतं आणि त्याबरोबर अक्षरंही जातात. फार तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवावं, पाणी बदलत राहावं. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर तो कांस्याचा रोग. ते नाणं कोरडं आणि वेगळं ठेवायचं.

कोल्हापुरी_रस्सा:
विषय निघालाच आहे तर, आमच्या आजीच्या पुतळ्यांच्या माळेवर पण असेच परदेशी बाप्ये आहेत. त्या रोमन असतील का?

इतिहासप्रेमी_७१:
नाही. पुतळी मुळात व्हेनिसच्या डुकॅट या सोन्याच्या नाण्यावरून आली. रोमन बघायचं तर तुमच्याच कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात निघालेली समुद्रदेव पॉसायडनची कांस्यमूर्ती बघा.

नियमावली:
लक्षात ठेवा, १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खाजगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाही.

मेथीची_जुडी:
मी भारतात नाहीये हो! इंग्लंडमध्ये केंटला आहे. तिसरं अक्षर जी आहे, बरोबर. पण मला एक साल हवंय, वीस वर्षं नकोत.

नाणेवेडा:
मग काठ्या मोजा. त्या निशाणाच्या काठ्या आहेत. दोन असतील तर ३३० ते ३३५. एकच असेल तर ३३५ नंतरचं. तेव्हा नाणं लहान आणि हलकं केलं, दोन काठ्यांना जागा उरली नाही. नेमकं साल त्या नाण्यांवर नसतंच.

मेथीची_जुडी:
दोन आहेत. पण दुसऱ्यावर एकच आहे.

नाणेवेडा:
दुसऱ्यावर म्हणजे?

मेथीची_जुडी:
अशी अजून अकरा आहेत ना. त्यातल्या एकावर लांडगीण आणि दोन पोरं आहेत. अलॉटमेंटमध्ये (भाजी लावायला भाड्याने मिळते ती जमीन) मेथीसाठी वाफा खणताना एकाच जागी ढेकळात मिळाली. बिस्किटांच्या डब्यात ठेवलीत. साल विचारत होते, म्हणून सांगितलं नाही.

नाणेवेडा:
अहो ताई!! हे आधी सांगायचं. एकटं तांब्याचं नाणं असतं तर गोष्ट वेगळी. तीनशे वर्षांहून जुनी, दहा किंवा जास्त नाणी एकत्र मिळाली की इंग्लंडच्या १९९६ च्या कायद्यानुसार तो 'खजिना' ठरू शकतो. धातू तांब्याचा असला तरी. १४ दिवसांत कॉरोनरला (अशा खजिन्याची चौकशी करणारा अधिकारी) कळवावं लागतं, नाही तर गुन्हा. तुमच्या भागातल्या फाइंड्स लिएझन ऑफिसरला (सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद घेणारा) आजच मेल करा, पुढचं ते सांगतील. आणि बारा एकत्रच ठेवा. त्यातलं सगळ्यात उशिराचं नाणं सांगतं की नाण्यांचा हा साठा कधीनंतर पुरला. एक-काठीवालं आहे म्हणजे ३३५ च्या आधी नक्की नाही. कधी सापडली?

मेथीची_जुडी:
मागच्या मंगळवारच्या आधीचा मंगळवार. बारा दिवस झाले. आणि काकूंचं वाचून तीन नाणी काल रात्री चिंचेत टाकलीत.

सदाशिव_पेठी_काकू:
मी देवाच्या भांड्यांबद्दल म्हटलं होतं.

नाणेवेडा:
आत्ता बाहेर काढा. साध्या पाण्यात बुडवून घ्या, टिपा, चोळू नका. आणि ऑफिसरला चिंचेचं पण सांगा.

मेथीची_जुडी:
काढली. एकावरची लांडगीण गुलाबी झालीय. मेल लिहितेय. सोमवारी लेकाला काय देऊ मग?

नाणेवेडा:
फोटो.

मेथीची_जुडी:
फोटोची साइज कशी कमी करायची?