मदत हवी आहे : वॉशर बदलूनही नळ ठिबकतोच आहे
सप्रेम नमस्कार. आज करू, उद्या करू म्हणत मागे टाकलेली घरातली किरकोळ कामे या आठवड्यात निर्धाराने हाती घेतली आहेत. कुरकुरणाऱ्या बिजागरीत तेलाचे दोन थेंब सोडताच ती गप्प झाली. एवढ्याशा कामाला इतके महिने लावल्याचे खरोखर वाईट वाटले.

अडले आहे ते न्हाणीघरातल्या नळापाशी. मुख्य कॉक बंद करून, नळाचे डोके पान्याने उघडून जुना वॉशर काढला तेव्हा तो कडक होऊन त्याला गोल खाच पडलेली दिसली, म्हणून त्याच मापाचा नवा रबरी वॉशर बसवला. तरीही सेकंदाला एक थेंब, म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब, गळतच आहेत. वॉशर जिथे टेकतो ती पितळी कड बोटाला एका बाजूने खडबडीत लागते. ती घासून सपाट करता येते का, आणि त्यासाठी कोणते हत्यार वापरावे, की नळच बदलावा लागेल?

शिवाय कपाटाच्या दाराचा स्क्रू, भोक मोठे झाल्याने, नुसताच फिरतो. भोकात डिंक लावलेल्या आगकाड्या ठोकून तो पुन्हा पिळल्यास जड दार पेलेल का, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. पाणी वाया जात असल्यामुळे नळाचे उत्तर आधी मिळाल्यास आभारी राहीन.