बलात्काराला वंशहत्या ठरवलं कुणी, कोर्टाने की बायकांनी?

माळावरची: दोन दिवस रवांडाची अकायेसू केस वाचतेय. हा बाबा ताबा कम्यूनचा प्रमुख, आपला सरपंच आणि तहसीलदार एकात म्हणा. १९९४ च्या तुत्सींच्या कत्तलीबद्दल आरोपपत्र झालं त्यात बलात्कार नव्हताच! १९९७ ला टांझानियात अरुशाला, संयुक्त राष्ट्रांनी रवांडासाठी काढलेल्या कोर्टात, खटला उभा राहिला, आणि एक बाई, कागदावर नुसती 'साक्षीदार जे', बाकीचं सांगता सांगता बोलली की माझ्या सहा वर्षांच्या लेकीवर तिघांनी... मग दुसरी, 'एच'. जूनमध्ये आरोपपत्र बदलावं लागलं आणि २ सप्टेंबर १९९८ ला निकाल, बलात्कारानेही वंशहत्या होऊ शकते, पहिल्यांदाच. हे एकीने दुसरीला दिलेलं बळ नाही तर काय?

तर्कट: ताई, कोर्टात साक्षीदार काय एकमेकींचा हात धरून बसतात का? त्या बोलल्या कारण बेंचवरून खोदून विचारलं गेलं. तिघा न्यायाधीशांत एकट्या बाई होत्या नवी पिल्लै, डर्बनच्या तमिळ घरातल्या. आणि बायकांची एकी म्हणाल तर पॉलीन न्यिरामासुहुको कोण होती? कत्तलीच्या वेळची रवांडाची कुटुंब आणि महिला कल्याण मंत्री! २०११ ला वंशहत्या आणि बलात्कार दोन्हीत दोषी, पोरगाही सोबत. तिला कायद्यानेच धरलं ना.

माळावरची: धरलं, दहा वर्षं खटला चालवून, आणि अपिलात जन्मठेपेची ४७ वर्षं केली. सगळ्या बायका देवी असं मी कुठं म्हटलं? पण कत्तलीनंतर वर्षभरात विधवांनी एकत्र येऊन 'अवेगा' ही संघटना काढली, बाया बोलत्या झाल्या त्या अशा एकमेकींत बसून, कोर्ट नंतर.

खडीसाखर: मधेच तोंड घालते. कायदा कायदा काय, युद्धात नागरिकांना जपायच्या १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारात कलम २७ ला बलात्कार आहेच, पण कशात मोडतो तर अब्रूवरच्या हल्ल्यात. बाईच्या अंगावर काय झालं ते राहिलं बाजूला 🙄 आणि अरुशाच्या कोठडीत आरोपींना एचआयव्हीची औषधं मिळत होती तेव्हा कित्येक साक्षीदार बाया रवांडात औषधाविना होत्या. नुकसानभरपाई द्यायचा अधिकारच त्या कोर्टाला नव्हता.

तर्कट: औषधांचं वाईटच, मान्य. तरी पॉलीनला आत टाकायला अवेगाकडे कोठडी होती का?

माळावरची: नव्हती. आणि 'जे' बोलली नसती तर ताबातल्या बलात्कारांचा त्या आरोपपत्रात एक शब्द आला नसता, हेही लिहा की.