पान आधी बिघडवून बघा

चित्रांच्या वहीचं कोरं पान समोर आलं की हात गोठतो आणि जे उमटतं ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटतं, हे तुमचं म्हणणं अगदी पटलं. माझंही बरेच दिवस तसंच चाललं होतं.

मला उपयोग झाला तो पान आधीच ‘बिघडवण्याचा’. पातळ रंगाचा एक हात मारायचा, वाळू द्यायचा, मग सवयीच्या नसलेल्या हाताने पाच मिनिटं पेन न उचलता रेघ फिरवायची. काय काढायचं ते ठरवायचंच नाही. अतिवास्तववादी (सर्रिअलिस्ट, म्हणजे अबोध मनातून येईल ते चितारू पाहणारा) चित्रकार आंद्रे मासाँ १९२४ च्या सुमारास साधारण असंच करायचा: आधी हात मोकळा सोडायचा, रेघांच्या गुंत्यात आकार दिसू लागले की मगच ते पुढे न्यायचे.

एक मात्र कराच. पान फाडू नका, त्यावर तारीख टाका. एकेका पानात काही कळत नाही. मी चाळीसेक पानं एकदम जमिनीवर मांडली तेव्हा दिसलं, तोच गेरूसारखा रंग, तीच खिडकीसारखी चौकट न ठरवता पुन्हा पुन्हा येतेय. आणि काढताना नेमकी तीच पानं मला फसलेली वाटली होती! सध्या त्या चौकटीवरच काम करतेय.

हो, आणि वही लगेच कुणाला दाखवू नका. निदान पहिले काही महिने तरी.