मदत हवी आहे: शाम्पूच्या कार्बन हिशोबात ग्राहकाचं गरम पाणी धरायचं का?

नमस्कार मंडळी. साबण-शाम्पू बनवणाऱ्या एका कंपनीत मी पॅकेजिंगचं काम करत होते. यंदा शाश्वतता अहवालाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे आणि एका प्रश्नावर गाडी अडली आहे.

कंपनीच्या उत्सर्जनाचा हिशोब 'स्कोप' नावाच्या तीन गटांत होतो. स्कोप १ म्हणजे आमच्या बॉयलरचं इंधन, स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज. इथवर बिलं हाताशी आहेत, त्यामुळे अडचण नाही. खरा गुंता स्कोप ३ चा, म्हणजे कच्च्या मालापासून ग्राहकाच्या वापरापर्यंत कंपनीबाहेर होणाऱ्या बाकीच्या उत्सर्जनाचा. जीएचजी प्रोटोकॉल या हरितगृह वायू मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या २०११ च्या मानकात त्याचे १५ प्रकार आहेत आणि ११ वा प्रकार विकलेल्या मालाच्या वापराचा. शाम्पूसाठी ग्राहक जे पाणी तापवतो, त्याचं उत्सर्जन तिथे 'अप्रत्यक्ष' ठरतं आणि ते मोजणं ऐच्छिक आहे. पण आमच्या मालाच्या बाबतीत सगळ्यात मोठा वाटा बहुतेक वेळा त्याचाच असतो! तो वगळला तर आकडा छान दिसतो, पण चित्र अपुरं राहतं. मला ते पटत नाही.

तो धरायचा, तर पाण्याचं तापमान आणि अंघोळीचा वेळ कशावरून गृहीत धरता? घरोघरी पाहणी करता, की तयार सरासरी वापरता? आणि हा आकडा एकूण बेरजेत घेता की वेगळा दाखवता?

आणखी एक. आमचं पामतेल आरएसपीओ या शाश्वत पामतेलाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या 'मास बॅलन्स' पद्धतीचं आहे, म्हणजे प्रमाणित आणि अप्रमाणित तेल एकत्र मिसळलेलं. विपणन विभागाला बाटलीवर 'शाश्वत पामतेल' एवढंच छापायचंय. मी अडून बसले आहे. ग्राहकाला सहज कळेल अशी प्रामाणिक शब्दरचना कुणी केली असेल तर कृपया सांगा.