परक्या भाषेतला सिनेमा गावाने मुकाट वाचावा की सांगणाऱ्याकडून ऐकावा?

चुलबंदकाठ:

मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांचे, दिवस सुरू झाले, की पूर्व विदर्भातल्या आमच्या लाखांदूरकडे रात्रीच्या करमणुकीला तोटा नसतो. झाडीपट्टीची नाटके पहाटेपर्यंत चालतात आणि माणसे चटया, घोंगड्या घेऊन गावोगाव फिरतात. यंदा वाचनालयाच्या मंडळींनी त्यात एक भर घातली. ग्रामपंचायतीच्या सभागृहात प्रोजेक्टर लावून त्यांनी माजिद मजिदी या इराणी दिग्दर्शकाचा १९९७ सालचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ दाखवला. संवाद फारसी, खाली इंग्रजी ओळी, आणि त्या ओळी वाचत आमचे निवृत्त गुरुजी माइकवरून झाडीबोलीत गोष्ट सांगत होते. बहिणीचे बूट भावाच्या हातून हरवतात, बापाची नवे घेण्याची ऐपत नसते, म्हणून दोघे भावंडे एकाच जोडीवर शाळा करतात. बहीण सकाळची शाळा सुटताच धावत येते आणि भाऊ तेच बूट पायांत घालून दुपारच्या शाळेकडे पळत सुटतो. पुढे शर्यतीत तिसऱ्या क्रमांकाला बूट मिळणार असतात, त्यामुळे पोराला तिसराच यायचे असते. तो सर्वांच्या पुढे निघाला तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडले, “अबे, हळू धाव ना बे!” आणि सगळे सभागृह हसले.

दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात जाणाऱ्या काही मुलांनी तक्रार केली, की गुरुजींच्या आवाजाने सिनेमा बिघडला, जगभर सुसंस्कृत माणसे सिनेमा मुकाट पाहतात. मला हे मान्य नाही. मुकाट पाहणे हा सिनेमा पाहण्याचा एक रिवाज आहे, एकमेव रिवाज नव्हे. जपानमध्ये मूकपटांच्या काळात ‘बेन्शी’ नावाचे कथेकरी पडद्याशेजारी बसून पात्रांचे आवाज काढत आणि प्रसंग समजावून सांगत. त्यांतले काही इतके लोकप्रिय होते, की लोक नटाऐवजी बेन्शीचे नाव पाहून तिकीट काढत. पोलंडच्या दूरचित्रवाणीवर परदेशी चित्रपटातील नायक, नायिका, म्हातारी, पोर अशा सगळ्यांचे संवाद एकच निवेदक वाचतो आणि मूळ आवाज त्याच्या खालून हलके ऐकू येत राहतो. युगांडातील व्हिडिओ हॉलमध्ये ‘व्हीजे’ म्हणून ओळखले जाणारे निवेदक परदेशी चित्रपट लुगांडा भाषेत सांगतात, शिवाय मध्येच स्वतःची टिप्पणीही जोडतात. आणि आपल्याकडे श्रावणात पोथी लागते तेव्हा एक जण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. अर्थ सांगणाऱ्याने पोथी बिघडवली असे आजवर कुणी म्हटलेले नाही. गुरुजींनी याहून वेगळे काय केले?

आर्वीचा वाचक:

त्या रात्री मी पाहुणा म्हणून सभागृहात होतो, म्हणून लिहितो. आपली पोथीची उपमा ऐकायला गोड असली, तरी ती नीट लागू पडत नाही. पोथीत ओवी आधी पूर्ण ऐकू येते आणि मगच अर्थ सुरू होतो. इथे माइकचा आवाज थेट संवादावर चढत होता. त्या लहान मुलीचे दबक्या आवाजात भावाशी बोलणे, गल्लीतल्या नालीतून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज, दोघे वहीवर लिहून एकमेकांशी बोलतात तेव्हाची शांतता, हे सर्व त्या चित्रपटाचे शरीर आहे. ते झाकून नुसती गोष्ट हाती आली, तर ती गोष्ट गुरुजींनी पारावर बसून सांगितली असती तरी चालले असते. प्रोजेक्टरचा खटाटोप कशासाठी?

पण माझी खरी हरकत दुसरीच आहे. त्यात एक प्रसंग आहे: बाप घरी बसून साखरेचे मोठे खडे फोडतो आहे, ती साखर मशिदीतल्या कार्यक्रमाची आहे, आणि मुलगी चहा आणते तेव्हा समोर एवढी साखर पडलेली असताना तो त्यातला खडा घेत नाही, कारण ती त्याच्याकडे विश्वासाने सोपवलेली आहे. गुरुजींनी सांगितले, “देवळाची साखर आहे जी, घरच्या चहात कशी घालंल?” सर्वांनी माना डोलावल्या. कळले, हे खरे. पण काय कळले? एका गरीब मुसलमान बापाची सचोटी आपल्यासमोर होती आणि आपण ती उचलून आपल्या देवळात नेऊन ठेवली. इराण त्या सभागृहात आलेच नाही. परक्या देशाचा सिनेमा पाहायचा तो तिथला माणूस तिथलाच म्हणून पाहण्यासाठी, आणि सांगणारा मध्ये आला की नेमके तेच पहिल्यांदा हरवते.

पवनीची शिक्षिका:

आर्वीच्या भाऊंचा साखरेचा मुद्दा मला पटतो, उपाय मात्र पटत नाही. पडद्याखालची ओळ जास्तीत जास्त सहा-सात सेकंद टिकते आणि एका वेळी दोनच ओळी असतात. ज्यांच्या चष्म्याचा नंबर कित्येक वर्षांत तपासला गेलेला नाही, ज्या चौथीनंतर शाळेत गेल्या नाहीत, त्यांनी तेवढ्या वेळात ओळ वाचायची की पोराचा चेहरा पाहायचा? त्या ओळी मराठीत असल्या तरी हा प्रश्न सुटत नाही. मुकाट वाचून पाहण्याचा आग्रह धरला, तर सभागृहाच्या पुढच्या रांगा रिकाम्या होतील, आणि पुढच्या रांगांत बायका बसतात, हे लिहायलाच हवे.

दुसरे असे, की सांगणारा नसला म्हणजे परके जसेच्या तसे पोचते, हा समज टिकणारा नाही. तमार लिबेस आणि एलिहू कॅट्झ या अभ्यासकांनी ‘डॅलस’ ही अमेरिकी मालिका इस्राएलमधील वेगवेगळ्या समाजांतल्या आणि अमेरिकेतल्या लोकांना दाखवून त्यांच्याकडून ती गोष्ट पुन्हा सांगवून घेतली होती. अरब आणि मोरोक्कोहून आलेल्या कुटुंबांनी घडले ते क्रमाने, नातेसंबंधांवर भर देत सांगितले. रशियातून आलेल्यांना मालिका बनवणाऱ्यांचा हेतू काय असेल, याचीच शंका अधिक होती. अमेरिकी प्रेक्षक पात्रांच्या स्वभावाबद्दल बोलले. भाग तोच होता. जपानमध्ये तर ही मालिका चाललीच नाही. म्हणजे प्रत्येक प्रेक्षकाच्या डोक्यात एक गुरुजी बसलेलाच असतो. आमचे गुरुजी माइकवर बोलत होते, म्हणून ते पकडले गेले.

सिरोंचाकडचा:

आपण सर्व जण इराणवर भांडत आहात, पण घरातल्या पडद्यावर रोज काय चालले आहे, तेही पाहावे. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आमच्याकडे तेलुगू घराघरांत बोलली जाते, म्हणून आम्ही तेलुगू सिनेमा मूळ आवाजात पाहतो. तोच सिनेमा देसाईगंजचे लोक हिंदीत पाहतात. नट तोच, मारामारी तीच. पण आमच्या कानावर येणारा गावंढळ हेल आणि त्यातले विनोद हिंदीत पुसले जातात आणि नायक कुठल्याच गावचा राहत नाही. तरीही डबिंगला कमीपणा देऊ नये. जर्मनीत परदेशी सिनेमा सर्रास जर्मनमध्ये डब होतो आणि एखाद्या हॉलीवूड नटाचा जर्मन आवाज वर्षानुवर्षे एकाच कलाकाराकडे राहतो. शेजारच्या नेदरलँड्समध्ये मोठी माणसे ओळी वाचून पाहतात. यात कोण अधिक सुसंस्कृत, हे ठरवायला कुणी बसत नाही.

माझी तक्रार डबिंग कोणत्या भाषेत होते, याबद्दल आहे. फुकट दिसणाऱ्या डिशवर सिनेमांचा जो लोंढा येतो, तो बहुतांशी हिंदीतला. त्यात मराठी थोडी आणि झाडीबोली शून्य. आमच्या उत्तरेला धानोऱ्याकडची गोंडी बोलणारी पोरे हिंदी कार्टून पाहतच हिंदी शिकतात आणि गोंडी त्यांना पडद्यावर कधीच ऐकू येत नाही. त्या दृष्टीने लाखांदूरच्या गुरुजींनी जे केले, ते कुठल्याही वाहिनीने आजवर केलेले नाही: इराणी पोराला झाडीबोलीत बोलते केले. माझी मागणी इतकीच, की धानोऱ्यात खेळ लावाल तेव्हा माइक गोंडी बोलणाऱ्या बाईच्या हाती द्यावा.

आर्वीचा वाचक:

शिक्षिकाताईंचा पुढच्या रांगांचा मुद्दा मी मान्य करतो. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण ‘प्रत्येकाच्या डोक्यात गुरुजी असतोच’ हे म्हणणे फार सोयीचे आहे. प्रेक्षकाने स्वतःच्या मनात अर्थ लावणे वेगळे आणि माइक हाती असलेल्याने सर्वांसाठी एकच अर्थ ठरवून टाकणे वेगळे. अफगाणिस्तानात ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ही मालिका तोलो वाहिनीवर दरी भाषेत डब होऊन विलक्षण लोकप्रिय झाली होती. त्यात मूर्ती दिसली, की ती धूसर करून दाखवत; २००८ साली तर तिथल्या सरकारने अशा मालिका बंद करण्याचा आदेशही काढला. त्या धूसर केलेल्या मूर्तींचे आपल्याला वाईट वाटते ना? मग मशीद ‘देऊळ’ म्हणून सांगणे हेही धूसर करणेच झाले, फक्त ते प्रेमाने केलेले आहे.

चुलबंदकाठ:

तुलना मला कडक वाटते. तोलोवर मूर्ती दिसू नये असा हेतू होता. गुरुजींचा हेतू ती साखर समजावी असा होता, आणि ती समजली म्हणूनच माना डोलल्या. तेवढ्या वेळात ‘मशीद’ म्हणून, तिथल्या कार्यक्रमात चहाची रीत काय, तोंडात खडा धरून चहा कसा पितात, हे सगळे सांगत बसले असते, तर पुढचा प्रसंग निघून गेला असता. सांगणाऱ्याला ओळीगणिक निवड करावी लागते आणि पहिल्याच वेळी पडदा पाहत असताना ती करणे कठीण असते. बेन्शी चित्रपट आधी पाहून तयारी करत. आम्हीही पुढच्या खेळाच्या आदल्या दिवशी गुरुजींना चित्रपट एकदा दाखवणार आहोत, आणि माइकचा आवाज मूळ आवाजाच्या बरोबरीने नव्हे, तर संवादांमधल्या फटीत ठेवण्याचा प्रयत्न करू. ज्यांना ओळी वाचायच्या आहेत, त्यांनी माइकपासून दूर, मागच्या भिंतीलगत बसावे.

पवनीची शिक्षिका:

आधी पाहण्याचा नियम चांगला आहे, पण तो गुरुजींपुरता ठेवू नका. सांगायला एखादी बाईही बसवा. बहिणीचे बूट हरवल्याचे दुःख गुरुजींनी एका वाक्यात आटोपले होते आणि शर्यत मात्र पाच मिनिटे रंगवली, हे माझ्या शेजारी बसलेल्या काकूंनी तिथल्या तिथे बोलून दाखवले होते.

आर्वीचा वाचक:

बाई सांगणार असेल तर मी पुन्हा येईन, आणि मागच्या भिंतीशी बसेन. मात्र साखर मशिदीचीच म्हणावी. ती कशाला लागते, हे एखाद्याने विचारले, तर त्यासाठी मध्यंतर आहेच.